गांवढळ शब्दांचा कैवारी

"असें नाहीं म्हणूं, बाळ, चारचौघांत हंसतील!" हें वाक्य सुशिक्षित घरांतून दिवसांतून एकदां तरी कानीं पडतें. आजोळाहून परतलेलें मूल तिकडचा एखादा शब्द जिभेवर घेऊन येतें, आणि घरांतील कोणी तरी वडीलधारें माणूस तो तेथल्या तेथें पुसून त्याच्या जागीं पुस्तकांतला शब्द बसवितें. ओसरीवर बसलेल्या आजीबाई हें ऐकत असतात. तो शब्द त्यांचाच असतो. त्या कांहीं बोलत नाहींत. परंतु पुढच्या खेपेस नातवाशीं बोलतांना त्या स्वतःच अंमळ अडखळतात. कोणीं कोणाचें वाईट चिंतिलेलें नसतें. पण एक शब्द त्या घरांतून कायमचा उठून गेलेला असतो.

अशा उठून गेलेल्या शब्दांचें पुढें काय होतें, त्यांची नोंद ठेवावी असें कोणाच्या मनांत येतें काय, आणि ती ठेवून लाभ तरी कोणता, याचा विचार करितांना आम्हांस इंग्लंडांतील एका पुरुषाचें चरित्र वारंवार आठवतें. इंग्रजी भाषा म्हटली कीं आपल्या डोळ्यांपुढें शाळेंतील व्याकरण, कचेरीचीं पत्रें आणि थोर ग्रंथकारांचे ग्रंथ उभे राहतात. परंतु ही पुस्तकी इंग्रजी खुद्द इंग्लंडांतील खेड्यापाड्यांतून एकसारखी अशी कधींच बोलली जात नव्हती. 'बारा कोसांवर भाषा बदलते' ही आपली म्हण त्या देशासही लागू पडते. तेथेंही शिष्टांची भाषा निराळी व गांवकऱ्यांची निराळी. आणि तेथील पंतोजीही मुलांच्या तोंडचा गांवढळ शब्द ऐकून कपाळास आठ्या घालीत. त्या गांवढळ शब्दांचा कैवार घेऊन त्यांचा सहा खंडांचा कोश सिद्ध करणारा पुरुष म्हणजे जोसेफ राइट होय.

या राइटसाहेबांचा जन्म सन १८५५ मध्यें उत्तर इंग्लंडांतील यॉर्कशायर परगण्यांत, ब्रॅडफर्ड शहराजवळच्या एका खेड्यांत झाला. घरची स्थिति अत्यंत हलाखीची होती. वयाच्या सहाव्या वर्षीं हा मुलगा दगडांच्या खाणीवर गाढवामागें चालूं लागला. खाणीवाल्यांचीं बोथट झालेलीं हत्यारें गाढवावर लादून लोहाराकडे न्यावयाचीं आणि धार लावून परत आणावयाचीं, हें त्याचें काम. सातव्या वर्षीं तो सर टायटस सॉल्ट यांच्या प्रसिद्ध गिरणींत लागला. चात्यांवरच्या भरलेल्या कांड्या काढून घेऊन तेथें रिकाम्या बसवाव्या, हें तेथील लहान पोरांचें काम असे. गिरणीच्या शाळेंत अर्धा वेळ बसावें लागे खरें, पण त्यांतून हातीं फारसें कांहीं लागलें नाहीं. पंधरा वर्षांचा होईतों त्यास धड वाचतां येत नव्हतें.

सन १८७० मध्यें फ्रान्स व जर्मनी यांचें युद्ध जुंपलें. गिरणींतला एक सोबती जेवणाच्या सुटींत युद्धाच्या बातम्या वर्तमानपत्रांतून वाचून दाखवी. आपणांस हें दुसऱ्याच्या तोंडून ऐकावें लागतें, याची या मुलास लाज वाटली, आणि त्यानें बायबल व बन्यनचें 'यात्रिकाचें प्रयाण' हीं दोन पुस्तकें पुढें घेऊन स्वतःच अक्षरें लाविलीं. पुढें रात्रीच्या शाळेंत त्यानें फ्रेंच, जर्मन व लॅटिन या भाषांचा अभ्यास आरंभिला. आणि वयाच्या अठराव्या वर्षीं आपल्या घरींच आसपासच्या मुलांसाठीं एक रात्रीची शाळा काढिली. दिवसा लोंकर निवडण्याचें काम करून त्यानें ४० पौंड शिल्लक टाकिले होते. १८७६ सालीं ते गांठीस बांधून तो जर्मनींतील हायडेलबर्गच्या विद्यापीठाकडे निघाला. आणि पैसे वांचावे म्हणून अँटवर्प बंदरापासून तेथपर्यंतची वाट त्यानें पायीं चालून काढिली. त्याच विद्यापीठानें पुढें १८८५ मध्यें ग्रीक भाषेंतील स्वरांच्या अभ्यासाबद्दल त्यास डॉक्टर ही पदवी दिली. आमच्या वाचकांस विशेष वाटेल ती गोष्ट अशी कीं, त्यांस ऑक्सफर्ड येथें शिकविण्याच्या कामीं ज्यांनीं बोलाविलें ते ऋग्वेदाचे संपादक मॅक्स म्यूलर, म्हणजे आपल्याकडील पंडितांचे 'मोक्षमुल्लर' होत. १९०१ सालीं म्यूलरसाहेबांच्या पश्चात् तौलनिक भाषाशास्त्राचें आचार्यपद या गिरणींतल्या पोराकडे आलें.

आतां कोशाकडे वळूं. गांवढळ शब्द टिपून ठेवण्याची कल्पना राइट यांच्या पूर्वींची आहे. जॉन रे नांवाचा वनस्पतिशास्त्रज्ञ झाडपाल्याच्या शोधार्थ देशभर हिंडे. हिंडतां हिंडतां जागोजागचे शब्दही तो टिपून घेई, आणि त्यांचा संग्रह त्यानें १६७४ सालीं छापिला. त्यानंतर १७८७ मध्यें फ्रान्सिस ग्रोस यांनीं असाच एक कोश काढिला. परंतु आगगाडी गांवोगांव पोंचली, १८७० च्या कायद्यानें प्राथमिक शिक्षणाचा प्रसार होऊं लागला, आणि जुने शब्द एका पिढींत नाहींसे होतील अशी धास्ती विद्वानांस पडली. तेव्हां केंब्रिजचे प्राध्यापक स्कीट यांच्या पुढाकारानें १८७३ सालीं बोलींच्या अभ्यासासाठीं एक मंडळी स्थापन झाली. निरनिराळ्या परगण्यांतील पाद्री, शिक्षक, वैद्य, जमीनदार यांनीं केलेले शब्दसंग्रह ही मंडळी छापीत असे. ते सर्व एकत्र करून त्यांतून एक मोठा कोश काढावा हा मूळ हेतु. आणि तें ओझें अखेर राइट यांच्या शिरावर आलें.

त्याच सुमारास डॉ. मरे यांच्या संपादकत्वाखालीं ऑक्सफर्डचा जगप्रसिद्ध इंग्रजी कोश चालला होता. मग दुसऱ्या कोशाची आवश्यकता काय, असा प्रश्न कोणी करील. त्याचें उत्तर असें कीं, मरे यांच्या कोशानें सर्वमान्य भाषेचा इतिहास देण्याचें योजिलें होतें. केवळ एखाद्या परगण्यापुरते राहिलेले अर्वाचीन शब्द त्यानें सहसा घेतले नाहींत. म्हणजे मोठ्या वाड्यांत ज्यांस जागा मिळाली नाहीं, त्यांच्यासाठीं राइट यांस निराळें घर बांधावें लागलें. गेल्या दोनशें वर्षांत जे बोलले गेल्याचें ठाऊक आहे किंवा जे अद्याप बोलले जातात असे सर्व शब्द घ्यावयाचे, अशी त्यांनीं मर्यादा घातली.

हें काम चाले कसें, तें पाहण्याजोगें आहे. प्रत्येक शब्दासाठीं कागदाची एक चिठी. तिजवर शब्द, त्याचा अर्थ, तो कोणत्या परगण्यांत चालतो तें, आणि तो ज्यांत वापरला आहे असें एक वाक्य. वाक्य छापील पुस्तकांतलें असेल तर पुस्तकाचें नांव व साल. कोणा गांवकऱ्याच्या तोंडचें असेल तर कळविणाराचें नांव. राइट यांच्या हातीं आलेल्या चिठ्यांचें वजन सुमारें एक टन भरलें असें सांगतात! शेंकडों लोक घरबसल्या, एका पैचीही अपेक्षा न धरितां, पुस्तकें वाचून चिठ्या लिहीत होते. जेथें माहिती अपुरी पडे तेथें राइट शंकांच्या याद्या छापून गांवोगांव पाठवीत आणि विचारीत, "हा शब्द तुमच्याकडे आहे काय? त्याचा उच्चार कसा? अर्थ हाच, कीं निराळा?" यॉर्कशायरमध्यें या कामीं जमलेल्या मंडळींतूनच १८९७ सालीं त्या परगण्याची बोली-मंडळी निघाली, आणि ती आजही चालू आहे.

या कोशाची एक रीत आम्हांस फार आवडली. ज्या शब्दांविषयीं पुरेसा पुरावा मिळाला नाहीं, ते त्यांनीं गाळलेही नाहींत व खपवून घेतलेही नाहींत. अधिक माहिती येईपर्यंत राखून ठेविलेले शब्द म्हणून त्यांची स्वतंत्र यादी देऊन टाकिली. स्वतःच्या अज्ञानाची अशी जाहीर नोंद ठेवणारे ग्रंथकार विरळा!

एवढा ग्रंथ आपल्या जोखमीवर छापण्यास कोणी प्रकाशक धजेना. तेव्हां राइट यांनीं स्वतःच्या शिरावर जोखीम घेऊन वर्गणीदार मिळविले आणि खंड काढण्यास प्रारंभ केला. १८९८ पासून १९०५ पर्यंत सहा खंड पुरे झाले. पृष्ठें साडेचार हजारांहून अधिक, व शब्द सुमारें ७० हजार. या श्रमांत त्यांच्या पत्नी एलिझाबेथबाई यांचा वांटा मोठा होता. या बाई मूळच्या त्यांच्या विद्यार्थिनी. १८९६ मध्यें उभयतांचा विवाह झाला, आणि संसाराबरोबरच चिठ्यांचे ढीगही त्यांनीं आपले मानिले. त्यांचीं दोन्ही मुलें लहानपणींच गेलीं. अशा दुःखांतही या बाईंनीं लेखणी सोडिली नाहीं. १९१३ सालीं त्यांनीं खेडवळ बोली व लोकसमजुती यांवर स्वतःचा ग्रंथ लिहिला, आणि पति १९३० सालीं निवर्तल्यावर १९३२ मध्यें त्यांचें विस्तृत चरित्रही लिहून काढिलें.

आतां या शब्दांपैकीं दोनचार वाचकांपुढें ठेवितों, म्हणजे या श्रमाचें फळ ध्यानांत येईल. उत्तरेकडील एखादा शेतकरी 'काय' म्हणाला, तर तो आपणांस प्रश्न विचारीत आहे असें समजूं नये. तो आपल्या गाईंविषयीं बोलत असतो. 'काऊ' या शब्दाचें हें जुनें अनेकवचन होय, आणि त्याचें मूळ आपल्या 'गो' शब्दाशीं एक आहे. मुलास तिकडे 'बेर्न' म्हणतात. पोटांत वाहून आणिलेलें तें बेर्न. याचा धातु संस्कृतांतील 'भृ' या धातूचा सख्खा भाऊ. सोसणें या अर्थीं 'थोल' असें क्रियापद आहे. त्याचें नातें उचलणें व तोलणें या अर्थाच्या ज्या धातूशीं आहे, त्याचीच आपली 'तुला'. ज्या शब्दांस शाळेंत गांवढळ म्हणून हंसत, ते असे थोर कुळांतले निघाले!

अनेक मुलें या अर्थीं 'चिल्डर' म्हणणारास अशुद्ध ठरविलें जाई. वस्तुतः 'चिल्डर' हेंच जुनें रूप; शिष्टांनीं त्याच्यापुढें अनेकवचनाचा आणखी एक प्रत्यय लावून 'चिल्ड्रन' केलें. तेव्हां चूक कोणाची म्हणावी? 'स्टार्व्ह' या शब्दाचें असेंच आहे. पुस्तकी इंग्रजींत त्याचा अर्थ उपासमार होणें. उत्तरेकडे त्याचा अर्थ थंडीनें गारठणें. मूळ अर्थ नुसता मरणें असा होता, आणि जर्मन भाषेंत त्याच्या भावंडाचा अर्थ अद्याप तोच आहे. एका मरणाच्या दोन वाटा झाल्या. एक भुकेची व एक थंडीची. शिष्टांनीं एक ठेविली, गरिबांनीं दुसरी. दोन्ही वाटा कागदावर नसत्या, तर मूळ ठिकाण सांपडण्यास कठीण गेलें असतें.

आणखी एकच शब्द सांगतों. यॉर्कशायरमध्यें खेळणें या अर्थीं 'लेक' असा शब्द आहे. आपल्या लेकीशीं त्याचें नातें नाहीं; हजार-अकराशें वर्षांपूर्वीं समुद्रावरून आलेल्या नॉर्स लोकांनीं तो त्या भूमींत रुजविला. मुलें अंगणांत 'लेक' करीत. पुढें गिरण्या आल्या, आणि काम बंद पडून मजूर घरीं बसले म्हणजे तेही 'लेक' करीत आहेत असें म्हणूं लागले. बापाच्या तोंडीं तो शब्द आला कीं त्या दिवशीं चूल पेटेल किंवा नाहीं याची घरांत चिंता पडे. मुलांच्या खेळाचा शब्द मोठ्यांच्या बेकारीचा झाला, हा त्या परगण्याचा सबंध इतिहास एका शब्दांत आहे; आणि राइट यांनीं स्वतः त्या गिरण्यांत बालपण काढिलेलें असल्यामुळें तो त्यांस कोणी शिकवावा लागला नाहीं. आपल्या विंडहिल गांवच्या बोलीचें व्याकरण तर त्यांनीं १८९२ सालींच छापून काढिलें होतें.

शब्दाचा पुरावा टिपतांना सावधगिरी किती ठेवावी लागते, याचें एक उदाहरण त्याच परगण्यांतलें आहे. एमिली ब्राँटे यांच्या 'वुदरिंग हाइट्स' या १८४७ च्या कादंबरींत जोसेफ नांवाचा एक म्हातारा चाकर आहे. त्याचें बोलणें बाईंनीं कानांवर येई तसें, अस्सल बोलींत उतरविलें. पुढच्याच वर्षीं एमिलीबाई वारल्या. १८५० मध्यें त्यांची वडील बहीण शार्लट यांनीं नवी आवृत्ति काढितांना, दक्षिणेकडील वाचकांस तें बोलणें कळणार नाहीं म्हणून तें जरा सोपें करून टाकिलें. हेतु चांगलाच होता. परंतु तीन वर्षांच्या अंतरानें एकाच पुस्तकांतील साक्ष बदलली! म्हणून शब्द टिपणारानें पुस्तकाचें नांव घेऊन भागत नाहीं, आवृत्तीचें सालही लिहावें लागतें.

राइट यांच्यानंतर हें काम थांबलें नाहीं. सन १९५० पासून १९६१ पर्यंत लीड्स विद्यापीठाचे प्रा. ऑर्टन यांनीं झुरिकचे प्रा. डीट यांच्या साहाय्यानें आंखलेल्या योजनेप्रमाणें इंग्लंडांतील ३१३ ठिकाणीं माणसें पाठविलीं. प्रश्न तेराशेंहून अधिक होते. आणि शब्द आपण उच्चारावयाचा नाहीं, वस्तु दाखवून किंवा तिचें वर्णन करून समोरच्याच्या तोंडून तो काढावयाचा, असा त्यांचा परिपाठ असे. उत्तरें देणारीं माणसें बहुधा साठीच्या पुढचीं, त्याच गांवीं जन्मलेलीं व तेथेंच राहिलेलीं, आणि दांत व कान शाबूत असलेलीं अशीं निवडीत. डुकरीच्या वेतांतील सर्वांत अशक्त पिलास किंवा डावखुऱ्या माणसास किती ठिकाणीं किती नांवें आहेत, हें त्यावरून नकाशांवर काढितां आलें. राइट यांचा कोशही आतां ऑस्ट्रियांतील इन्सब्रुक विद्यापीठानें संगणकावर आणिला असून, परगण्याचें नांव घालतांच तेथील शब्दांची रांग पुढें उभी राहते.

हें सर्व वाचून आपल्या घराकडे दृष्टि वळणें साहजिक आहे. आपलेकडे हें काम मुळींच झालें नाहीं असें नाहीं. मोल्सवर्थसाहेबांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ सालचा. राइट यांचा कोश ज्या १९०५ सालीं पुरा झाला, त्याच सालीं ग्रिअर्सनसाहेबांच्या भाषा-पाहणीचा मराठीविषयक खंड बाहेर पडला. आणि १९३२ ते १९३८ या काळांत दाते-कर्वे प्रभृतींनीं 'महाराष्ट्र शब्दकोशा'चे सात विभाग काढून त्यांत वऱ्हाडी, नागपुरी, गोमंतकी, कोंकणी अशा खुणा घालून शब्द दिले. अलीकडे पुण्याच्या डेक्कन कॉलेजानेंही महाराष्ट्रांतील बोलींचें सर्वेक्षण हातीं घेतलें आहे. तरी घरोघरचा शब्द कोशकारापर्यंत पोंचावा कसा? कोंकणांत 'खळें' म्हणजे घरापुढील सारवलेलें अंगण, आणि देशावर 'खळें' म्हणजे मळणीची जागा. हें ज्यानें दोन्हींकडचा पाहुणचार घेतला आहे त्यासच ठाऊक.

येथें एक कटु गोष्ट स्वतःस सांगितली पाहिजे. पुण्याकडील ब्राह्मणांची बोली प्रमाण मानली गेली, त्यामुळें आपल्या समाजास दुसऱ्याच्या उच्चारास हंसण्याची सवय लागली. मालवणाकडचा कोणी मुलीस 'चेडूं' म्हणाला, वऱ्हाडाकडचा 'पोट्टी' म्हणाला, कीं आपल्या दिवाणखान्यांत स्मित उमटतें. मोलकरणीच्या बोलण्याची नक्कल मुलें करितात, आणि आपण ती कौतुकानें पाहतों. परंतु याच समाजांतील किती तरी घराण्यांची मूळ घरबोली रत्नागिरीकडची चित्पावनी होती. ग्रिअर्सनच्या खंडांत तिची नोंद आहे. आपल्या माजघरांत मात्र ती बहुधा राहिली नाहीं. दुसऱ्यांस शुद्ध करण्याच्या भरांत आपण आपली आजीच परकी केली, असें म्हटल्यास तें फारसें चुकीचें होणार नाहीं. मुलांनीं प्रमाण भाषा उत्तम शिकावी, याविषयीं आमचा मतभेद नाहीं. राइट स्वतः ऑक्सफर्डचे आचार्य झाले ते पुस्तकी भाषा शिकूनच. पण त्यासाठीं त्यांनीं गांवची भाषा टाकिली नाहीं.

आमची वाचकांस सूचना अगदीं साधी आहे. एक कोरी वही घ्यावी. सायंकाळीं दिवेलागणीनंतर घरांतील वृद्ध मंडळींजवळ बसावें, आणि स्वयंपाक, गोठा, शेत, सणवार, दुखणींबाणीं, लहान मुलांचे खेळ या विषयांवर त्यांस बोलूं द्यावें. त्यांचा शब्द सुधारूं नये. जसा कानीं येईल तसाच लिहावा. त्याचा अर्थ लिहावा, आणि नुसता अर्थ न लिहितां त्यांच्या तोंडचें एक पुरें वाक्य लिहावें. तें कोणाचें, त्यांचें माहेर कोणतें, सासर कोणतें, वय काय, हेंही नमूद करावें. मुलाबाळांनाच हें काम दिल्यास अधिक बरें. ज्या शब्दास काल तीं हंसलीं, तोच आज तीं आदरानें उतरून घेतील, आणि आजीबाईंसही आपलें बोलणें लिहून ठेवण्याच्या योग्यतेचें आहे हें कळेल. आणि प्रत्येक पानावर तारीख घालण्यास मात्र विसरूं नये. कारण तो शब्द त्या दिवशीं त्या घरांत जिवंत होता, याचा तेवढाच पुरावा पुढें राहणार आहे.